वायुदूत विमानसेवा आठवते का कुणाला? ती का टिकली नाही?

खिडकीजवळचा (शनिवार, सकाळी ९:१०)

परवा बाबांना मोबाइलवर एक जुनी बातमी दाखवत होतो, एप्रिल २०२२ ची. दिब्रुगडहून पासीघाटला अलायन्स एअरचं सतरा आसनी डॉर्नियर निघालंय. विमान कानपूरला एचएएलमध्ये, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत, तयार झालेलं, आणि निवेदक कौतुकानं सांगतोय की भारतात बनलेलं विमान नागरी प्रवासी सेवेत पहिल्यांदाच उडतंय. बाबांनी चष्मा काढला. "पहिल्यांदा कसं? सत्त्याऐंशी साली मी याच जातीच्या विमानातून पासीघाटला उतरलोय. वायुदूत होती तेव्हा."

बाबा ग्रेफमध्ये होते, म्हणजे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या दलात. पुण्यात दिघीला त्यांचं केंद्र आहे. भरती दिघीची, नोकरी अरुणाचलची. त्याच वर्षी अरुणाचलला राज्याचा दर्जा मिळाला होता. ब्रह्मपुत्रेवर तिथं तेव्हा पूल नव्हता. नाव, मग बस, मग ट्रक, मग जमेल तसं. आणि त्या सगळ्यावर एक पर्याय होता: दोन पंख्यांचं छोटं विमान.

मी मग वायुदूतचा इतिहास शोधायला बसलो. २० जानेवारी १९८१ ला स्थापना. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी कंपन्यांनी मिळून काढली. सहाच दिवसांनी, प्रजासत्ताक दिनी, पहिली उड्डाणं. आधी फक्त ईशान्य भारतासाठी, मग हळूहळू देशभर. १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करायचं ठरलं आणि १९९७ पर्यंत नावही संपलं. जेमतेम सोळा वर्षं.

माझं मत आधीच सांगतो. अशा सेवेत तोटा होणार हे पहिल्या दिवशीच माहीत होतं. तो कुणी आणि किती वर्षं भरायचा हे मात्र ठरवलं गेलं नाही, आणि कंपनी तिथंच संपली. तुम्हाला काय वाटतं? प्रवास केलेले कुणी असतील तर आठवणीही लिहा. बाबा रोज संध्याकाळी प्रतिसाद वाचून दाखवायला सांगणार आहेत.

उचगावकर (९:४२)

कोल्हापूरला यायची ना! उजळाईवाडीच्या माळावर आम्ही पोरं सायकली टाकून कुंपणाला चिकटून उभी असायचो. विमान दिसायच्या आधी आवाज यायचा, गुऱ्हाळाच्या इंजिनासारखा. बसायची ऐपत नव्हती, पण उतरताना बघितलेलं विमान आजही डोळ्यांसमोर आहे. बाबांना नमस्कार सांगा.

रिवेट (१०:३०)

बाबांचं म्हणणं रास्त आहे. मी कानपूरला एचएएलच्या ट्रान्सपोर्ट एअरक्राफ्ट डिव्हिजनमध्ये नोकरी केली, आता नाशिकला स्थायिक आहे. थोडं तपशिलात लिहितो.

डॉर्नियर २२८ मूळचं जर्मन. वायुदूतची सुरुवातीची डॉर्नियर जर्मनीहूनच आली, १९८४ च्या सुमारास. परवान्याखाली कानपूरला उत्पादन करायचा करार त्याच्या आदल्या वर्षी झाला होता, आणि १९८६ मध्ये कानपूरचं पहिलं विमान बाहेर पडलं. तटरक्षक दल, नौदल, हवाई दल हे पुढचे मोठे गिऱ्हाईक, पण सुरुवातीच्या विमानांत वायुदूतचा वाटा होता. म्हणजे २०२२ च्या विमानाला 'पहिलं' म्हणताना वायुदूत विसरली गेली.

त्याच्याही मागे जा. एचएस ७४८, ज्याला आपण सगळे अ‍ॅव्हरो म्हणतो, तेही कानपूरलाच जोडलं जायचं. त्यातलं पहिलं १ नोव्हेंबर १९६१ ला उडालं, त्याचं नाव 'सुब्रतो'. पुढे इंडियन एअरलाइन्सनं कानपूरची अ‍ॅव्हरो कितीतरी वर्षं प्रवासी सेवेत वापरली. तेव्हा 'पहिल्यांदाच' हा शब्द दोनदा चुकला. आमच्या हातांनी केलेलं काम आहे हो ते, म्हणून एवढं लिहिलं.

खिडकीजवळचा (१०:४१)

@रिवेट काका, बाबांना आत्ताच वाचून दाखवलं. ते उठून उभे राहिले आणि "सांगितलं नव्हतं?" म्हणाले. आज घरात त्यांचंच राज्य.

सरळ हिशेब (११:२०)

सगळ्यांच्या आठवणींचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो.

कंपनी टिकली नाही कारण ती भलतीकडे पसरली. ईशान्येत विमान हवंच, मान्य. पण नाशिकला कशाला? पंचवटी एक्स्प्रेस १९७५ पासून धावते. सोलापूरहून रात्रीची गाडी पकडली की सकाळी दादर. अशा ठिकाणी एकोणीस माणसं उडवायला सरकारी पैसा का घालायचा? शंभर गावं जोडायची घोषणा झाली तेव्हाच धोक्याची घंटा वाजायला हवी होती. विमानं मूठभर आणि नकाशावर ठिपके शंभर, हे गणित कुठल्याही किराणा दुकानदारानं चुकीचं ठरवलं असतं. प्रत्येक खासदाराला आपल्या गावात विमान हवं होतं आणि नाही म्हणायची ताकद कंपनीत नव्हती. मी याला व्यवस्थापनाचंच अपयश म्हणेन.

चहाचं पान (दुपारी १२:०५)

मी आसामात दुलियाजानला तेलक्षेत्रात नोकरी केली, बायको इथलीच, आता घरही इथलंच. सरळ हिशेब यांचं महाराष्ट्राबद्दलचं मत मला पटतं, पण ईशान्येबद्दल 'मान्य' एवढ्या एका शब्दात पुढे गेलात म्हणून जरा थांबवतो.

सिलचरला रेल्वे होती, पण लमडिंगकडून डोंगरातून येणारी मीटरगेज. पावसाळ्यात दरड कोसळली की मार्ग बंद. ब्रॉडगेज आली २०१५ ला. आगरतळ्याला रेल्वे पोचली २००८ ला. ऐझॉलच्या वेशीवर, सैरांगला, ती पोचली २०२५ च्या सप्टेंबरात! आता विचार करा, १९८१ मध्ये मिझोरमच्या माणसाला कोलकात्याच्या रुग्णालयात जायचं असेल तर काय करायचं?

इथले बरेच विमानतळ दुसऱ्या महायुद्धातले. ब्रिटिश आणि अमेरिकन सैन्यानं चीनकडे रसद न्यायला घाईघाईनं बांधलेल्या धावपट्ट्या, नंतर गवतात गेलेल्या. वायुदूतनं त्यातल्या काही पुन्हा जाग्या केल्या. पासीघाट, झिरो, तेझू ही नावं प्रवासी विमानाच्या वेळापत्रकात आली ती तिच्यामुळे. आमच्या सासरेबुवांच्या पिढीला 'वायुदूत' म्हणजे कंपनीचं नाव वाटतच नाही, छोट्या विमानाला ते आजही वायुदूतच म्हणतात. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं.

धावता धोटा (१२:३०)

अवांतर: डॉर्नियरमध्ये एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक अशीच आसनं असतात. म्हणजे प्रत्येकाला खिडकी! आमच्या घरी चार भावंडं, एसटीच्या खिडकीवरून मारामाऱ्या. सरकारनं एसटीच अशी बांधली असती तर माझं बालपण शांततेत गेलं असतं.

उजनीकाठ (१२:५८)

लिहू की नको असं झालं होतं, पण हा विषय निघाला आणि हे कुणी लिहिलं नाही तर बरं वाटणार नाही.

मी इंदापूर तालुक्यातला. २३ सप्टेंबर १९८९, पुणे-हैदराबाद मार्गावरचं वायुदूतचं डॉर्नियर उजनीच्या पाण्यात कोसळलं. अकरा जण होते, कुणीही वाचलं नाही. मी सहावीत होतो. उजनी तेव्हा पाण्यानं भरलेली. गावातले भोई लोक होड्या घेऊन गेले. आमचे आजोबा काठावर जाऊन आले आणि दोन दिवस जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं. काय घडलं, का घडलं, हे घरात कुणी बोललं नाही.

आता काठावर रोहित पक्षी बघायला गाड्या भरून पर्यटक येतात. त्या पाण्यात अकरा माणसं गेली हे सांगणारं तिथं मला तरी काही दिसलं नाही. एक साधा दगड असावा असं फार वाटतं.

चहाचं पान (दुपारी १:२०)

@उजनीकाठ, वाचून गप्प झालो. इथंही तशी एक तारीख आहे. १९ ऑक्टोबर १९८८. सिलचरहून गुवाहाटीला येणारं वायुदूतचं फॉकर फ्रेंडशिप खराब हवेत गुवाहाटीजवळ पडलं, चौतीस जण गेले. त्याच दिवशी सकाळी मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग अहमदाबादला कोसळलं होतं. ती दुर्घटना खूप मोठी होती, त्यामुळे देशभर बातमी अहमदाबादचीच झाली. गुवाहाटीचे चौतीस आतल्या पानावर गेले. इथली माणसं ते विसरलेली नाहीत.

उचगावकर (१:३५)

दोघांनाही काय लिहावं सुचत नाही. दगडाचं मनावर घ्या उजनीकाठ, ग्रामपंचायतीत विषय मांडा. वर्गणीला मी आहे.

ताळेबंद (दुपारी ३:१०)

मी विमान कंपन्यांच्या लेखापरीक्षणाचं काम केलेलं आहे, म्हणून मूळ प्रश्नाकडे वळतो. 'का टिकली नाही' याचं उत्तर बरंचसं विमानाच्या आकारातच दडलेलं आहे.

एकोणीस आसनांच्या विमानाला दोन वैमानिक लागतात. एकशे ऐंशी आसनांच्या विमानालाही कॉकपिटमध्ये दोनच. म्हणजे वैमानिकाच्या पगाराचा भार इथं एकोणीस जणांवर, तिथं एकशे ऐंशींवर. दुसरं, अंतर कमी. इंधन सर्वात जास्त जळतं ते उडताना आणि वर चढताना. अर्ध्या तासाच्या प्रवासात विमान वर जातं न जातं तोच उतरायला लागतं. तिसरं, चाकं, ब्रेक, इंजिन यांची झीज किती तास उडालात यावर ठरते तशी किती वेळा उतरलात यावरही ठरते. दिवसातून आठ वेळा उतरणारं छोटं विमान कार्यशाळेत लवकर जातं. चौथं, आठवड्यातून दोनदा विमान येणाऱ्या गावातही तिकीट खिडकी, सामान उचलणारे, अग्निशमन, इंधन हे सगळं लागतंच. गाडी आली नाही तरी स्टेशनमास्तरचा पगार चालू असतो ना, तसं.

त्यात वायुदूतचा ताफा सरमिसळ. फॉकर, अ‍ॅव्हरो, डॉर्नियर. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, तंत्रज्ञांचं प्रशिक्षण वेगळं, वैमानिकाचं लायसन्स वेगळं. फॉकर तर इंडियन एअरलाइन्सनं वापरून झालेली. लहान कंपनीनं एकाच जातीचं विमान ठेवावं हा या धंद्यातला पहिला धडा, पण वायुदूतला निवड नव्हती. मिळालं ते उडवलं.

आता @सरळ हिशेब, तुम्ही म्हणता व्यवस्थापनाचं अपयश. मी म्हणतो, ज्यांच्या हातात मार्ग निवडणं नाही, भाडं ठरवणं नाही, विमान निवडणं नाही, त्यांना व्यवस्थापन म्हणायचं का? ते फक्त चालवत होते.

आणि वरचा आधारही ढासळला. फेब्रुवारी १९९० मध्ये बंगळूरला एअरबस ए-३२० चा अपघात झाला आणि इंडियन एअरलाइन्सची कोरी ए-३२० विमानं कित्येक महिने जमिनीवर उभी राहिली. पाठोपाठ आखाती युद्ध, तेलाचे भाव. नंतर खासगी कंपन्या आल्या आणि सरकारी कंपनीचे अनुभवी वैमानिक तिकडे गेले. ज्या घराचा कर्ता माणूसच अंथरुणाला खिळला, त्या घरातल्या धाकट्याला कोण विचारणार?

सरळ हिशेब (३:४४)

@ताळेबंद, तुमचा मुद्दा मान्य. 'चालवत होते' हा शब्द योग्य आहे. व्यवस्थापनाऐवजी मालक म्हणायला हवं होतं. पण नाशिकबद्दल मी ठाम आहे.

रिवेट (४:०५)

नाशिकबद्दल बोलाल तर आम्ही नाशिककर गप्प बसणार नाही! इथल्याच गांधीनगरच्या धावपट्टीवर वायुदूत उतरायची. नंतर ओझर झालं. आणि २०१७ च्या डिसेंबरात एअर डेक्कन पुन्हा अवतरली, एकोणीस आसनी बीचक्राफ्ट घेऊन, नाशिक-मुंबई आणि जळगाव-मुंबई. जुनी एअर डेक्कन काढणाऱ्या कॅप्टन गोपीनाथ यांचीच. मुंबईच्या धावपट्टीवर गर्दीच्या वेळी छोट्या विमानाला जागा मिळणं हीच मोठी लढाई होती. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत ती बंद पडली. छोट्या कंपनीच्या गल्ल्यात दोन महिन्यांचं धान्य नसतं.

केळीचा घड (४:३२)

जळगावकर हजर. त्या काळात छोट्या विमानानं मी दोनदा मुंबई गाठली. तासाभरात! एरवी रात्रभराची रेल्वे. नंतर एकदा मात्र दुसऱ्या एका कंपनीनं पहाटे संदेश पाठवून विमान रद्द केलं आणि माझ्या भाचीची मुलाखत हुकली. पैसे परत मिळाले, मुलाखत परत मिळाली नाही. तेव्हापासून आमच्याकडे नियम: विमानाचं तिकीट काढायचं आणि आदल्या रात्रीच्या रेल्वेचंही काढायचं. छोट्या गावातल्या माणसाला विमान हवंच असतं हो, पण त्याहून जास्त ते ठरलेल्या दिवशी येईल याची खात्री हवी असते. मला वाटतं मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथं आहे. सेवा अनियमित झाली की माणसं सवय सोडतात, माणसं कमी झाली की सेवा आणखी अनियमित होते.

गोदाकाठची (संध्याकाळी ५:१५)

केळीचा घड, शंभर टक्के. नांदेडहून लिहिते.

२७ एप्रिल २०१७ ला छोटी गावं विमानानं जोडायच्या केंद्राच्या 'उडान' योजनेची पहिली उड्डाणं झाली तेव्हा सगळीकडे शिमला-दिल्लीचे फोटो आले, पण त्याच दिवशी नांदेड-हैदराबादही सुरू झालं होतं. हैदराबादची ट्रूजेट, एटीआर विमान. आमच्या गुरुद्वाऱ्यामुळे पंजाबपासून माणसं येतात, शिवाय हैदराबादशी आमचं जुनं नातं. दवाखाना म्हटलं की नांदेडकर हैदराबादच गाठतो. माझ्या आईच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया तिथं झाली. सकाळी जाऊन तपासणी करून आम्ही परत येऊ शकलो. रेल्वेनं तिची पाठ धरायची.

ट्रूजेटनं पुढे औरंगाबाद, जळगाव, कोल्हापूर जोडलं. म्हणजे ज्या गावांना मोठ्या कंपन्या विचारत नव्हत्या ती सगळी. फेब्रुवारी २०२२ मध्ये उड्डाणं थांबली. कंपनी २०१५ ची, म्हणजे सात वर्षंही पुरी नाहीत. वायुदूतनं सोळा काढली, म्हणजे ती जास्तच चिवट म्हणायची.

त्याआधी २००८ च्या गुर-ता-गद्दीच्या, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबांच्या गुरुपदाच्या त्रिशताब्दीच्या, वेळी आमचा विमानतळ नवा झाला, किंगफिशर आली आणि गेली. दर पाच-सात वर्षांनी इथं कुणीतरी नारळ फोडतं आणि मग पुन्हा शुकशुकाट. आमची मुलं विमानतळ म्हणजे सकाळी फिरायला जायचा रस्ता समजतात.

सिद्धरामाची पोर (५:४०)

नारळाचं म्हणाल तर सोलापूरला आम्ही चिमणीवर भांडलो! सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी धावपट्टीच्या आड येते म्हणून वर्षानुवर्षं वाद. जून २०२३ मध्ये ती पाडली. कारखान्याचे सभासद रडले, विमानतळवाले खूश, आमच्या एकाच घरात दोन्ही गट. मग जून २०२५ मध्ये गोव्याला विमान सुरू झालं आणि सगळे एकाच रांगेत सेल्फी काढायला उभे.

धावता धोटा (५:५२)

सोलापूरकर गोव्याला पोचले, आता कडक भाकरी आणि शेंगाचटणी मोपाच्या सुरक्षा तपासणीत अडकणार. पहिल्यांदा ज्याची चटणी जप्त होईल त्यानं इथं कळवावं.

धागा राखणदार (६:००)

भाकरी, चिमणी आणि चटणीसाठी वेगळा धागा काढा, मी पण येतो. इथं वायुदूतवर या.

ताळेबंद (६:३५)

आलो वायुदूतवर, पण उडानच्या वाटेनं.

१९८१ आणि २०१७ मधला फरक बघा. उडानमध्ये कंपनी मार्गासाठी बोली लावते. साधारण तासाभराच्या प्रवासाला विमानातल्या निम्म्या जागा सुरुवातीच्या दरानं अडीच हजार रुपयांच्या आत द्यायच्या, आणि त्यातली तूट तीन वर्षं सरकार भरून देणार. त्यासाठी मोठ्या मार्गांवरच्या विमानांकडून आकार गोळा केला जातो, आणि राज्यानं २० टक्के वाटा उचलायचा, ईशान्येत १० टक्के. शिवाय इंधनावरचा राज्याचा कर १ टक्क्यावर. म्हणजे तोटा किती, कुणाचा, किती दिवस, हे कागदावर आहे. धागाकर्त्याचा मूळ मुद्दा अगदी हाच होता. वायुदूतला हे कधीच मिळालं नाही. तिचा तोटा नुसता साठत गेला आणि शेवटी तिच्याच नावावर लागला.

पण एवढ्यानं सगळं सुटलं असंही नाही. महालेखापालांचा २०२३ चा अहवाल वाचा. उडानमध्ये ७७४ मार्ग वाटले, त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षांची मुदत ११२ मार्गांनी पुरी केली. त्यानंतरही मार्च २०२३ पर्यंत टिकलेले ५४. अनुदान संपलं की विमान गेलं, असे कितीतरी मार्ग.

म्हणून माझं मत असं. काही मार्ग तीन वर्षांत स्वतःच्या पायावर उभे राहतील, तिथं मुदत ठीक. पासीघाट, अगत्ती असले मार्ग कधीच उभे राहणार नाहीत. तिथं डाकघरासारखं कायमचं धरून चालावं. टपाल खात्यानं दुर्गम गावातलं पत्र परवडत नाही म्हणून परत पाठवलंय का कधी?

शिंपला (६:५८)

अगत्तीचं नाव घेतलंत! लक्षद्वीपची ती धावपट्टी एप्रिल १९८८ मध्ये सुरू झाली आणि तिथं पहिली प्रवासी सेवा वायुदूतच्या डॉर्नियरची, कोचीहून. दोन्ही टोकांना समुद्र, बेट संपतं तिथं धावपट्टी संपते. त्याआधी बेटावरच्या माणसाला जहाजाशिवाय मार्ग नव्हता, आणि पावसाळ्यात जहाजही खात्रीचं नाही. आता गोव्याची फ्लाय९१ तिथं जाते, ती पण एटीआरवाली छोटी कंपनी, मार्च २०२४ मध्ये मोपाहून सुरू झाली. आम्हा गोवेकरांना तिचा अभिमान वाटतो. सिंधुदुर्गच्या चिपीपासून जळगावपर्यंत मधल्या गावांचा विचार करणारं कुणीतरी आपल्या बाजूला आहे. टिकू दे, एवढीच देवाकडे मागणी.

सरळ हिशेब (७:२०)

टपाल खात्याचं उदाहरण पटलं. मी एवढंच म्हणेन की यादी छोटी आणि कडक असावी. पासीघाट, तेझू, अगत्ती हो. नाशिक नाही. रिवेट काका, रागावू नका.

रिवेट (७:३१)

रागावलो नाही. नाशिकला या, मिसळ खाऊ घालतो आणि मग ओझरचा हँगर दाखवतो. मत बदलेल.

खिडकीजवळचा (रविवार, रात्री ८:४५)

सगळे प्रतिसाद बाबांना वाचून दाखवले, दोन बैठकीत. उजनीचं वाचताना त्यांनी थांबायला सांगितलं आणि थोडा वेळ देवघरासमोर बसले.

मग मी मूळ प्रश्न त्यांनाच विचारला: का टिकली नाही, बाबा? ते म्हणाले, "का टिकली नाही ते साहेबांना विचार. कशी चालायची ते मी सांगतो." आणि तासभर बोलले. त्यातलं थोडं लिहितो.

पासीघाटच्या धावपट्टीवर गुरं चरायची. विमान यायच्या वेळी एक माणूस शिट्टी वाजवत धावपट्टीच्या टोकापासून टोकापर्यंत पळायचा. ढग खाली उतरले की वैमानिकाला दरी दिसायची नाही, मग विमान नाही, आणि त्याचा राग कुणी करायचं नाही, कारण डोंगर सगळ्यांना माहीत होता. विमानात बसायच्या आधी सामानाबरोबर माणसाचंही वजन व्हायचं. बाबांच्या तुकडीतला एक साताऱ्याचा पैलवान गडी होता, त्याचं वजन झाल्यावर एका प्रवाशाचे तांदूळ खाली उतरवावे लागले. त्या गड्यानं पुढच्या आठवड्यात ते तांदूळ स्वतः नावेतून आणून पोचवले.

आणि विमानातून माणसांपेक्षा जास्त महत्त्वाचं यायचं ते म्हणजे टपालाची पिशवी. माझ्या जन्माची बातमी बाबांना त्या पिशवीतून मिळाली. आईचं पत्र पुण्याहून निघून नवव्या दिवशी हातात. नावेनं आलं असतं तर महिना गेला असता, असं ते म्हणतात. हे मला आज पहिल्यांदा कळलं. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाला, आईलाही माहीत नव्हतं की ते पत्र विमानानं गेलं होतं.

@ताळेबंद, टपालाचं उदाहरण तुम्ही दिलंत तेव्हा बाबांना ते आठवलं.

शेवटी त्यांनी एक विचारलं: "आता दिब्रुगडहून पासीघाटला कसं जातात?"

चहाचं पान (९:०५)

बाबांना सांगा, २०१८ च्या नाताळात बोगीबीलचा पूल सुरू झाला, जवळजवळ पाच किलोमीटरचा, वर रस्ता आणि खाली रेल्वे. नाव गेली. सकाळी निघालं की दुपारच्या जेवणाला गाडीनं पासीघाट. आणि पासीघाटची धावपट्टी आता पक्की झाली आहे, गुरं नाहीत. मे २०१८ मध्ये प्रवासी विमान पुन्हा सुरू झालं.

तुम्ही दोघं या. दिब्रुगडच्या मोहनबाडी विमानतळावर मी गाडी घेऊन उभा राहतो. बायको भात आणि मासोर टेंगा, म्हणजे माशांचं आंबट कालवण, करेल.

खिडकीजवळचा (९:२०)

बाबांनी नोव्हेंबर सांगितलाय, आकाश मोकळं असतं म्हणून. जाताना पूल बघायचाय, येताना विमान. छोटं असलं तरच, म्हणतात. आणि खिडकी त्यांची.

चहाचं पान (९:२४)

छोट्याचं वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलतं, मी ऑक्टोबरात बघून कळवतो. वजनाचा काटा आता फक्त सामानाला असतो, तेवढं सांगून ठेवा.